परत गेलेला शिधा

भाऊ, परवा गोंदियाला तुझी शोकसभा झाली आणि तू न केलेल्या गोष्टींसाठी लोकांनी तुझ्या फोटोला हार घातले.

मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांची बहीण म्हणून. जिल्हा कौन्सिलचे एक सभासद उठले. तुला त्यांनी उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं असेल नसेल, पण गळा असा दाटला होता की जणू पाठीला पाठ लावून आलेले भाऊच. म्हणाले, "मुलगे आणि मुली, वरचे आणि खालचे, सगळे एका चटईवर बसावेत हे साहेबांनी फार आधी ओळखलं होतं. म्हणूनच त्यांनी मुलींची वेगळी शाळा बंद करून एकत्र शाळा काढली. केवढी ही दूरदृष्टी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढंही कुणाला सुचलं नाही. तू असतास तर तिथल्या तिथे शेरा मारला असतास.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बंद केलेली शाळा माझी होती. आणि दूरदृष्टीचं म्हणशील, तर त्या दिवशी तुला नाकासमोरचंही दिसत नव्हतं, हे जगात फक्त मला माहीत आहे. तू गेलास तेव्हा मी रडले, खूप रडले. पण त्या सभेत माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. तुझ्याशी वीसेक वर्षं चाललेलं माझं भांडण त्या माणसाने एका वाक्यात निकालात काढलं, तेही तुझ्या बाजूने, आणि मला बोलायची सोय नव्हती. म्हणून इथे कागदावर बोलते आहे. तू मध्ये बोलू शकत नाहीस हे एका परीने बरंच आहे. एरवी कुठे बोलू द्यायचास!

मी नवऱ्यामागे माहेरी परतले तेव्हा माझं वय काय होतं, परकर नेसण्याचं. बाबांनी मला रोवणीला, निंदणीला, चुलीला लावून टाकलं. तू नागपुरात शिकून मास्तर झालेला. दिवाळीच्या सुटीत आलास, मला शेताच्या धुऱ्यावर बसलेली पाहिलीस आणि बाबांना म्हणालास, "हिले मी घेऊन जातो." बाबा म्हणाले, "बाईमाणसाले शिकवून का तहसिलदार करतं का बे?" तू म्हणालास, "तहसिलदार नाई, मास्तरीण करतो." बाबांनी तुझ्याशी सहा महिने अबोला धरला. तू हटला नाहीस. हटणं तुला येतच नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो सुंभ तू. त्या पिळामुळे मी माणसात आले. ते मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्याशी भांडायला किती सोपं गेलं असतं!

मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलमधून बाहेर पडले आणि मला नवेगाव बांधाच्या अलीकडच्या त्या गावात मुलींच्या शाळेवर नेमलं. अजूनही मी त्याच गावात आहे. शाळा म्हणजे काय, डोमाजी मालगुजाराच्या घराला लागून असलेली लांब ओसरी. एका बाजूला अंगण, दुसऱ्या बाजूला घरात उघडणारं दार. डोमाजी गावचा जमीनदार, तापट माणूस, गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. पण ती शाळा त्याने स्वतः मागून आणली होती. त्याला एकुलती एक लेक, गंगा. मुलगा नाही. "जमीन हिच्याच नावावर जाईन," तो मला म्हणाला होता, "कोनी लबाड्या करून तिले फसवू नोये. तिले वाचता आलं पायजे." कौन्सिलने शाळा दिली, त्याने ओसरी दिली, आणि गंगा येते म्हटल्यावर गावातल्या बाकीच्या घरांनीही मुली पाठवल्या.

महारवाड्यातल्या तीन मुली यायच्या. त्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बसायच्या आणि मी ओसरीच्या कडेला उभी राहून दोन्हीकडे शिकवायची. ऊन तापलं की त्या झाडाच्या सावलीबरोबर सरकायच्या. त्यातली पार्बता सगळ्यांत चुणचुणीत. पाटी उंच धरून दाखवायची, "बाई, बरोबर हाये का?"

मग तू बदलून आमच्या भागाचा डिप्टी झालास. केवढा आनंद झाला होता मला! पहिल्याच महिन्यात तुझा हुकूम आला, सरकारी पैसा लागलेल्या शाळेत सगळी मुलं एका छपराखाली बसतील. मी पार्बताला आणि तिच्या दोघी सोबतिणींना ओसरीवर घेतलं. कडेला, बाकीच्यांपासून दोन हात सोडून. डोमाजी आला, त्याने पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि आत गेला. मला रात्रभर झोप आली नाही. पण दुसऱ्या दिवशी गंगा आली, तिसऱ्या दिवशीही आली. आठवडे गेले. ते दोन हात अंतर मी रोज चटई झाडताना जवभर कमी करत होते, भाऊ. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आणखी एक पावसाळा मिळाला असता तर मी ते संपवलं असतं. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, आणि तू म्हणाला होतास, "चटई सरकवून धर्म सरकत नाही." आम्हाला धर्म सरकवायचा नव्हता, पोरी शिकवायच्या होत्या.

तुझी पहिली तपासणी माघात होती. धान घरात आलेलं, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवंगार. तू बैलांच्या रेंगीतून उतरलास, थेट तलावाकाठच्या आमराईत. माझ्या घरी आला नाहीस. निरोप पाठवलास की तपासणी होईपर्यंत मी तुझा भाऊ नाही. ते मला समजलं, आवडलंही. भावाने बहिणीच्या हातचं खाऊन तिच्या शाळेला चांगला शेरा दिला, असं कुणी म्हणायला नको.

पण आपल्याकडे दौऱ्यावरच्या साहेबाचा शिधा मालगुजाराकडून जातो. तहसिलदार असो, जंगलाचा साहेब असो, कुणीही असो. ती रीतच. डोमाजीने टोपलं भरून पाठवलं. नवे तांदूळ, डाळ, तुपाची लोटी, वांगी, गूळ, वर तलावातली ताजी मासळी पळसाच्या पानात बांधलेली. टोपलं भरताना मी तिथेच होते. डोमाजी स्वतः उभा राहून सांगत होता, तूप जास्त घाला, साहेब आपल्या बाईचा भाऊ हाये. त्याच्या मनात तुझ्याशी बोलायचं होतं. जेवू घालून, पान देऊन, त्या मुलींबद्दल काहीतरी मधली वाट काढायची होती. वाट कशी निघाली असती, ते मला माहीत नाही. पण तो माणूस वाकायला तयार झाला होता, आणि तो वाकायला तयार झालेला मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

तू टोपलं परत पाठवलंस.

आणि कसं? भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्याने, त्याच गड्याच्या डोक्यावर. वट्यावट्यावर माणसं बसलेली. सगळ्यांनी पाहिलं, तूप सांडू नये म्हणून जपून चालणारा तो गडी आणि मालगुजाराच्या दारात उतरवलेलं ते भरलेलं टोपलं. आपल्याकडे शिधा परत कधी जातो, तुला माहीत होतं. घरात सुतक असेल तर, नाहीतर त्या घराशी व्यवहार तोडायचा असेल तर. तू शहरात वाढलेला साहेब नव्हतास, की चुकून झालं म्हणावं. तू आपल्या धानाच्या गावातला पोरगा होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरी झाडून, चटया घालून, फळ्यावर तारीख लिहून वाट पाहत बसले. पार्बता आली. तिच्या दोघी आल्या. ढिवरांची फुलवंता आली, तिचा बाप मासे पकडायला गेला होता, त्याला गावातलं काही कळलं नव्हतं. आणि कुणी आलं नाही. रोज कलकलाट असायचा ती ओसरी इतकी शांत होती की घरातल्या जात्याचा आवाज मला ऐकू येत होता. थोड्या वेळाने डोमाजीचा गडी येऊन उभा राहिला. निरोप असा: "साहेबानं दुपारचं जेवन मालगुजाराच्या घरी करावं. आन् थ्या तिघीले पयलेसारखं निंबाखाली बसवा. मंग पाहा, पोट्ट्या लगेच येतीन."

मी धावत तलावाकडे गेले. धावत, भाऊ. गावाने मास्तरणीला धावताना पाहिलं. तू तीन दगडांवर खिचडी शिजवत बसला होतास, डोळ्यांत धूर जाऊन लाल झालेले. मी म्हटलं, "शिधा वापस काऊन केला?"

तू वर न बघता म्हणालास, "नियम हाये. दौऱ्यावर कोनाचं खायचं नाई."

"मंग मोल देऊन ठेवून घ्यायचा होता. पाठवला तरी अंधार पडल्यावर पाठवायचा होता. भर रस्त्यानं कायले?"

तू लाकूड पुढे सारलंस. मग बोललास, आणि ते बोलणं माझ्या कानात अजून आहे: "एक डाव त्यालेही समजू दे, आपलं अन्न दुसऱ्याच्या दारातून वापस आलं का कसं वाटते थे. पार्बताच्या बापाले रोज समजते."

मी थिजले. ते खरं होतं म्हणून थिजले, आणि ते नियमातलं नव्हतं म्हणूनही. मी म्हटलं, "आन् त्याची किंमत कोन भरन? तू तं रेंगीत बसून जाशीन. पोरी कोनाच्या घरी बसतीन?"

"मी त्याच्या घरी जेवलो का गाव म्हनन, डिप्टीनं मान्य केलं. मंग थ्या तिघी जन्मभर निंबाखाली."

"नोको जेवू. पन जाऊन बोल तं खरं त्याच्याशी. दोन शब्द बोलाले काय लागते?"

"मी तपासनीले आलो हाये, अनसे. बोलनी कराले नाई."

सगळी शाळा तू न बोललेल्या त्या दोन शब्दांवर टांगलेली होती. तू खिचडी उतरवलीस, हात धुतलेस, पगडी घातलीस आणि माझ्यापुढे चालू लागलास.

त्या दिवशीची तपासणी मी विसरू शकत नाही. गावातली निम्मी माणसं अंगणाबाहेर येऊन उभी होती. तू खुर्चीवर बसलास आणि त्या चार मुलींची परीक्षा अशी घेतलीस की जणू समोर चाळीस मुली आहेत. घाई नाही, दया नाही. वाचन घेतलंस, शुद्धलेखन घेतलंस, शिवण उलटून पाहिलंस, उजेडात धरून टाके पाहिलेस. पार्बताने धडा वाचला तेव्हा बाहेरच्या माणसांची कुजबुज थांबली. त्यांनी त्या मोहल्ल्यातली मुलगी पुस्तक वाचताना आधी कधी ऐकली नव्हती. डोमाजीही येऊन खांबापाशी उभा होता, हात मागे बांधून. त्याच्याच ओसरीत त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं असं तू म्हणशील. मी मुलींच्या पाट्या सरळ करत होते.

मग तू भूगोल घेतलास. पार्बताला विचारलंस, "वैनगंगा आपल्याकडं कोणत्या जिल्ह्यातून येते?" ती उठली. तिला येत होतं. पण इतक्या माणसांसमोर तिची जीभ टाळूला चिकटली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे.

आणि घरात उघडणाऱ्या त्या बंद दारामागून आवाज आला, "बालाघाट!"

गंगाचा आवाज. सगळ्यांनी ऐकला. ती सकाळपासून दाराला कान लावून बसली होती, ते तेव्हा कळलं. डोमाजीचा चेहरा मी पाहिला. त्यात आधी राग नव्हता, भाऊ, मी शपथेवर सांगते. आधी अभिमान होता. राग मागून आला.

तू दाराकडे पाहिलंस. "कोन हाये आत?"

डोमाजी म्हणाला, "कोनी नाई."

मी मनात देवाचा धावा करत होते. ऊठ, म्हणत होते. ऊठ आणि दार ढकल. नाहीतर नुसतं म्हण, ये पोरी बाहेर. तिच्या बापाच्या डोळ्यांत अजून ते उत्तर होतं. तू एक शब्द बोलला असतास तर ती आली असती, ती आली असती तर बाकीच्याही आल्या असत्या. मला खात्री आहे. तू म्हणशील, तुझी खात्री म्हणजे काय पुरावा आहे का. नाही, पुरावा नाही.

तू वही पुढे ओढलीस आणि म्हणालास, "हजर नसलेल्या मुलीचं उत्तर धरता येत नाही. पार्बता, तू सांग."

पार्बताने सांगितलं, हळू आवाजात. तू तिला गुण दिलेस. मग शेरा लिहून सगळ्यांना वाचून दाखवलास. तपासणीच्या दिवशी पुरेशी हजेरी नाही, सबब मुलींची शाळा बंद करावी. हजर मुलींची नावं मुलांच्या शाळेत घालावीत. मास्तरणीला तिथेच नेमावं. मुलांची शाळा कौन्सिलच्या इमारतीत भरायची, तिची किल्ली डोमाजीकडे नव्हती. त्याने ते ऐकलं, ओसरीतल्या चटया स्वतः गोळा केल्या, आणि मला म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं जिकलं." तू तोवर रेंगीत बसला होतास.

तू जिंकलास, आणि बघ काय जिंकलास. बापे मास्तर आणि मुलगे असलेल्या शाळेत गावातल्या आणखी एकाही घराने आपली मुलगी पाठवली नाही. शिकून बाहेर पडेपर्यंत मुलींमध्ये त्या चौघीच माझ्यासमोर बसत होत्या. त्या शिकल्या, पार्बता चौथी पास झाली, हे मी नाकारत नाही. मुलांच्या शाळेत मास्तरीण शिकवते म्हणून लोक लांबून बघायला यायचे, जशी काही मी मंडईच्या जत्रेतलं दंडारीचं सोंग होते. तेही सोसलं. पण गंगा रोज पाणी आणायच्या निमित्ताने शाळेवरून जायची, आणि खिडकीपाशी तिची चाल मंद व्हायची. पुढे डोमाजीने घरजावई आणला, गंगाचं लग्न झालं, आणि ती तिथून जायची बंद झाली.

मी तुझ्याशी बोलणं सोडलं नाही. सोडता आलं असतं तर सोडलं असतं. दिवाळीला येऊन तुला ओवाळायचे आणि ताट खाली ठेवलं की भांडण काढायचे. वहिनी म्हणायच्या, "काऊन जी, भाऊबीज हाये का कोर्ट हाये?" तू म्हणायचास, शाळेपेक्षा तत्त्व मोठं. मी म्हणायची, तत्त्वाला परकर-पोलकं घालून बसव मग ओसरीत. तू हसायचास. तुझं ते हसणं मला आज फार हवं आहे.

हळूहळू दिवस बदलले. आधी एक सुतार आपली मुलगी घेऊन आला, मग दुकानदाराची आली. शहाणी झाली, म्हणजे पदर आला, की घरी बसवायचे, पण तोवर यायच्या. एका चटईवर, मध्ये काही न सोडता. म्हणून तर शोकसभेत तुझी दूरदृष्टी निघाली. पीक आलं की पाऊसही आपणच पाडला म्हणायला माणसं तयारच असतात.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी गोंदियाला येऊन राहिले. स्वातंत्र्याचा झेंडा लागला तेव्हा तू खाटेवर उठून बसला होतास, रस्त्यावरचा गलका ऐकत. मला वाटलं, आता विचारावं. विचारलं, "भाऊ, खरं सांग. थो शिधा तू नियमासाठी वापस केला, का डोमाजीचा माज उतरवाले?"

तू छताकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मले भूक नवती, अनसे."

मी हसले, चिडले, तुझ्या अंगावरचं पांघरूण उगीच सारखं केलं. मरतानाही उत्तर द्यायचं नाही म्हणजे काय! मला वाटलं तू झोपलास. तेवढ्यात डोळे मिटूनच विचारलंस, "थे दारामागची पोरगी. काय करून राहिली आता?"

मी म्हटलं, "डोमाजी गेला. आता शेती थेच पाहते. कागद आला का दिवानजीकडून वाचून घेते. अक्षरं विसरली."

तू भिंतीकडे तोंड केलंस. नंतर दोन दिवस तू बोललास, पाणी मागितलंस, नातवाला हाक मारलीस, पण त्या विषयावर नाही. भाऊ, तू काय म्हणणार होतास? इतकी वर्षं तुला ते दार आठवत होतं, तर माझ्याशी भांडताना एकदाही कबूल का केलं नाहीस? मला जिंकायचं नव्हतं. मला फक्त तुझ्या तोंडून हे हवं होतं की तो आवाज आपण दोघांनी ऐकला होता.

आता कालचं सांगते. शोकसभेहून परतले तर गंगा माझ्या वट्यावर बसली होती. तिच्या सोबत तिची सुमन, दहा वर्षांची. यंदा पावसाळा लागल्यापासून सुमनला तिने शाळेतून काढली आहे, पोरगी मोठी झाली म्हणून. गंगाने आधी तुझ्याबद्दल दोन शब्द काढले, रीतीप्रमाणे. मग म्हणाली, "बाई, मुलींची शाळा पुन्हा सुरू करू. कौन्सिलवाले तयार हायेत. वसरी मी देते, नवं छप्पर टाकून देते. तुमी हो म्हना, का झालं."

माझी शाळा. तीच ओसरी. माझ्या नोकरीची थोडीच वर्षं राहिली आहेत आणि या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी जन्मभर भांडले. मोठ्या झालेल्या किती मुली पुन्हा शिकतील, हे मला बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. हो माझ्या ओठांवर आलं होतं. मी फक्त विचारलं, "पार्बताची पोर चवथीत हाये. थेही येईन ना?"

गंगाने पदर सारखा केला. "येईन ना. सगळ्याच येतीन, हळूहळू. पयले आपल्या पोरी बसू द्या."

ती वाईट नाही, भाऊ. तिला खरंच सगळ्या मुली शिकायला हव्या आहेत. पण आपल्या पोरी आधी बसल्या की मागून येणाऱ्यांना कुठे बसवतात, ते मी पाहिलेलं आहे. मी नाही म्हटलं. मला ऐकू आलं, तेव्हा माझाच विश्वास बसला नाही.

गंगा उभी राहिली. तिचा आवाज तसाच होता, डोमाजीसारखा. "तुमच्या भावानं मले घरी बसवलं. आता तुमी माह्या सुमनले बसवून राहिल्या. चांगलं हाये, बाई." पोरीचा हात धरून ती निघून गेली. सुमन मागे वळून माझ्याकडे बघत होती.

असं समजू नकोस की तू बरोबर होतास म्हणून मी नाही म्हटलं. तू तेव्हा चुकलास, आणि काल मी तेच केलं, आणि तरीही तू चुकलासच. मी उभी रात्र हे उलटंपालटं करून पाहिलं. तू शेरा वाचलास आणि रेंगीत बसून गेलास. मला कुठे जायचं नाही. माझं नाही आणि गंगाची लेक, दोन्ही याच गावात आहेत.

उद्या शाळा भरायच्या आधी मी गंगाच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. सुमनला नावाने हाक मारीन, माझा हात धरून शाळेत चल म्हणीन, आणि संध्याकाळी मीच तिला घरी आणून सोडीन. गंगा दार लावून घेईल कदाचित. मग परवा जाईन. लोक हसतील, या वयात मास्तरीण दारोदार फिरते म्हणून. हसू देत.

त्या दिवशी तुझ्या खुर्चीपासून ते दार चार पावलांवर होतं, भाऊ. ती चार पावलं तू टाकली नाहीस, आणि तू देवाघरी गेलास तरी मी तुला त्याची माफी देणार नाही. तेवढी पावलं टाकायला मी उद्या लवकर निघणार आहे.